पाच शिकंजे

मोहनसिंगला गिऱ्हाइकाचा चेहरा बघून माल काढायची सवय. हिंगोलीच्या बाजारात तीस वर्षं हार्डवेअरचं दुकान चालवणाऱ्याला ती लागतेच. सकाळी साडेदहाला शिवकन्या काउंटरसमोर उभी राहिली तेव्हा त्यानं तिच्याकडे एकदा पाहिलं आणि न विचारता पडद्याचे रॉड काढून पुढ्यात ठेवले.

"नवी डिझाइन आली हाय, ताई. परवाच माल उतरला."

"राउटरची बिटं दाखवा," शिवकन्या म्हणाली. "पाव इंची दांडीची. अन् क्लॅम्प."

मोहनसिंगनं तिच्या खांद्यावरून मागं पाहिलं. मागं एप्रिलचं ऊन होतं आणि पायरीच्या सावलीत झोपलेलं एक कुत्रं.

"मिस्त्री बाहेर थांबला का?"

"मिस्त्री आत आली. दाखवा."

शिवकन्या बत्तीस वर्षांची. नरसीच्या रामकिशन सुताराची एकुलती एक लेक. लग्न होऊन चाकणकडे गेली, तिथं फर्निचरच्या एका कारखान्यात सात वर्षं मशीनवर उभी राहिली, आणि नवऱ्याशी पटेना म्हणून परत आली. तिच्या ह्या परत येण्यावर गावानं वर्षभर चर्चा केली. तिनं मात्र आल्याच्या दुसऱ्याच दिवशी बापाच्या पत्र्याच्या शेडमध्ये स्वतःच्या कमाईचा राउटर मांडला आणि आपल्यापुरता विषय संपवला. राउटर म्हणजे लाकडात चर पाडणारं, कडा गोल करणारं हातातलं मशीन. बिट बदललं की त्याचं काम बदलतं.

आज ती हौसेनं बाजारात आली नव्हती. एक दार बिघडलं होतं, दुसरं बारा दिवसांत करायचं होतं, आणि तेही बिघडलं तर राउटर विकायचा आणि शेडला कुलूप लावायचं, असं बापानं सांगून टाकलं होतं. रामकिशन सुतार रागात बोलतो पण रागात बोललेलं मागं घेत नाही, हे अख्ख्या नरसीला माहीत आहे.

दार होतं साखऱ्याच्या अमृतरावाचं. अमृतराव मोठा शेतकरी, बोलायला तिखट, वागायला सरळ. नव्या घराच्या मुख्य दारासाठी त्यानं आपल्या बापानं बांधावर लावलेली सागाची दोन झाडं रीतसर परवानगी काढून तोडली होती. "हे लाकूड बाजारात मिळत न्हाई, रामकिशन," असं बजावून ते शेडमध्ये आणून टाकलं होतं. त्यात मोजून दोन दारं निघत होती, आणि त्यातलं एक ह्या बापलेकींनी वाया घालवलं.

झालं ते असं. दाराचं पॅनल म्हणजे तीन-चार फळ्या बाजूला बाजू लावून गोंदानं जोडलेल्या. गोंद वाळेपर्यंत त्या दोन्ही बाजूंनी आवळून धराव्या लागतात. रामकिशननं उभ्या आयुष्यात हे काम दोरीवर केलं. फळ्यांभोवती दोरी, दोरीत काठी, काठीला पीळ. आणि फळ्या मधून फुगून वर येऊ नयेत म्हणून वरून वजन, म्हणजे ज्वारीचं पोतं. पण ह्या खेपेला घरात ज्वारीचं पोतं नव्हतं. शेडच्या कोपऱ्यात शेजारच्या वैजनाथची हळदीची पोती होती. भाव वाढायची वाट बघत तिथं येऊन पडलेली.

"हळदीची पोती नको, बाबा," शिवकन्या म्हणाली होती.

"वजन ते वजन. त्याला काय जात असती व्हय?"

ती गप्प बसली. ही तिची चूक, आणि ती तिनं स्वतःला माफ केलेली नाही. कारखान्यात सात वर्षं शिकलेली बाई बापापुढं एका वाक्यात गप्प बसली.

दुसऱ्या दिवशी पोती उचलली तर ओल्या गोंदानं हळदीची भुकटी ओढून घेतलेली. तागाची वीण न् वीण पॅनलवर पिवळी उमटली होती. शिवकन्या नरसीच्या बाजारातून रंधा मारायला नवं पातं आणायला गेली, तेवढ्यात रामकिशनला वाटलं, पोरगी यायच्या आत आपण धुऊन टाकू. त्यानं मोरीतला साबण घेतला आणि दार घासलं. हळदीला साबण लागला की ती लाल होते, हे हिंगोली जिल्ह्यातल्या प्रत्येक बाईला ठाऊक आहे. रामकिशननं जन्मात स्वतःचा सदरा धुतला नव्हता.

आणि नेमका त्याच वेळी अमृतराव आला. त्यानं दाराला एक फेरी मारली.

"रामकिशन, दाराचं लगीन लावून राहिला काय? हळदबी लागली, कुंकूबी लागलं."

बाहेर चहाच्या टपरीवर बसलेले चार जण हसले. अमृतराव हसला नाही, आणि ते जास्त लागलं. त्याच्यासमोरच रामकिशननं खाली वाकून जोडावरून अंगठ्याचं नख फिरवलं. ही त्यांच्या घराची रीत होती. जोड डोळ्यानं बघायचा नाही, डोळे मिटून नखानं बघायचा. नख मध्येच अडलं. दोरीनं मधोमध दगा दिला होता. डागच काय, जोडही उघडा होता.

"एका दाराचं लाकूड उरलं," अमृतराव म्हणाला. "अक्षयतृतीयेला वास्तुशांत हाय. तोवर जमलं तर ठीक, न्हाईतर नांदेडहून तयार दार आणतो. मग माझ्या बापाच्या झाडाचं काय करायचं ते तुमीच सांगा."

अब्रू राखायला रामकिशन बोलून गेला, "असं नक्षीचं दार देतो, नांदेडच्या शोरूममधी दिसणार न्हाई." आणि घरी येऊन लेकीला म्हणाला, "हिंगोलीला जाय. ती बिटांची पेटी मिळती ना, सगळ्या नक्षीची, ती घेऊन ये."

नक्षीचं त्याला एवढं काहून लागलं होतं, ते शिवकन्याला कळत होतं. रामकिशनच्या हातची कमळं सेनगावपासून औंढ्यापर्यंत कितीतरी दारांवर होती. दोन वर्षांपासून त्याचा उजवा हात कापत होता. पहिल्या वर्षी त्यानं कमळ सोडलं, दुसऱ्या वर्षी नक्षी कोरायची पटाशी तेलाच्या फडक्यात गुंडाळून आढ्याला खोचून ठेवली. आता मशीनच्या तोंडून का होईना, ती नक्षी परत दारावर उतरावी असं त्याला वाटत होतं. तो हे बोलला नसता, मेला असता तरी.

शिवकन्याजवळ पैसे होते ते एकाच गोष्टीचे. पेटी, नाहीतर क्लॅम्प.

मोहनसिंगनं पेटी काढली. निळ्या मखमलीत पस्तीस बिटं, प्रत्येकाचा आकार वेगळा, सगळी सोनेरी. ट्यूबलाइटखाली ती अशी चमकत होती की क्षणभर तिचाही हात पुढं झाला.

"सगळं ह्याच्यातच आलं, ताई. जिंदगीभर दुसरं बिट घ्यायचं काम न्हाई."

शिवकन्यानं रुमालाची गाठ सोडली. आत राउटरचं कॉलेट होतं, बिटाची दांडी पकडणारं तोंड. सकाळीच तिनं ते मशीनमधून काढून आणलं होतं. मागं एकदा नजरेच्या अंदाजानं बिट घेतलं होतं, ते काम चालू असताना खाली सरकलं आणि टेबलाला भोक पाडून थांबलं. तेव्हापासून ती अंदाजावर काही घेत नसे. पेटीतलं पहिलं बिट तिनं कॉलेटमध्ये घातलं. ते आत गेलं आणि खुळखुळलं.

"ही दांडी सहा एमएमची हाय."

"उन्नीस-बीस का फरक हाय. आवळलं की बसतं."

"हे वीस हजार वेळा फिरतं मिनिटाला. सुटलं तर माझ्या पोटात बसंल." तिनं पिशवीतून सागवानाचा हातभर तुकडा काढला. "तुमचं डेमो मशीन लावा. एक चर ह्या पेटीतल्या बिटानं पाडते, एक तुमच्या सुट्या बिटानं."

मोहनसिंग वैतागला, पण दुकानात दुसरं गिऱ्हाईक नव्हतं, आणि खरं सांगायचं तर त्यालाही बघायचं होतं. मशीन सुरू झालं. पेटीतल्या बिटानं अर्ध्या फुटातच जळका वास सोडला. चराच्या दोन्ही बाजू काळ्या पडल्या. मग तिनं सुट्या डब्यातलं, साधं दिसणारं एक सरळ बिट लावलं. ते लोण्यातून जावं तसं गेलं, आणि मागं भुसा पडला तो जाडसर, कोरडा, लाकडाच्याच रंगाचा.

मोहनसिंगनं दोन्ही चरांवरून बोट फिरवलं आणि पेटी बंद केली.

"कोणती देऊ?"

"तीन. हे सरळ, चर पाडायला. एक गोलाईचं, बेअरिंगवालं. अन् पॅनलच्या कडेला उतार द्यायला एक. बेअरिंग हातानं फिरवून देते मी, अडकणारं नको."

तेवढ्यात फोन वाजला. बाप होता.

"पेटी घेतली का?"

"येताना सांगते, बाबा."

"काहून? आताच सांग की."

"आवाज येईना इथं," म्हणून तिनं फोन ठेवला. आवाज चांगला येत होता. खोटं बोलल्याचं तिला वाईट वाटलं, पण काउंटरवर उभं राहून भांडण्यापेक्षा घरी उभं राहून भांडणं बरं, असं तिनं ठरवलं.

आता क्लॅम्प, म्हणजे बापाच्या बोलीत शिकंजे. मोहनसिंगनं आधी पातळ पट्टीचे आणले. शिवकन्यानं त्यातला एक काउंटरच्या कडेला लावून आवळला. पट्टी धनुष्यासारखी वाकली. तिनं तो परत ठेवला आणि वरच्या फळीकडं बोट दाखवलं. तिथं धूळ खात ओतीव लोखंडाचे तुकडे पडले होते.

"ते पाइपाचे क्लॅम्प हायेत ना?"

ते पाइपाचेच होते. दोन तुकड्यांची जोडी. एक पाइपाच्या टोकाला आट्यांवर बसतो आणि त्याला आवळायचा स्क्रू असतो. दुसरा पाइपावरून हवा तिथं सरकतो. पाइप ज्याचा त्यानं आणायचा. जेवढा लांब पाइप, तेवढा लांब क्लॅम्प.

"हे कोणी घेत न्हाई इथं," मोहनसिंग म्हणाला. "दोन साल झाले पडून हायेत."

"किती जोड्या?"

"चार."

"पाच पाहिजेत. तीन खालून, दोन वरून. चारानं फळी एका अंगाला ओढती."

"पाचवी न्हाई, ताई. असती तर दिली नसती का?"

शिवकन्यानं काउंटरवर हात टेकले होते. काउंटर हाताखाली जरा हलल्यासारखा वाटला म्हणून ती वाकली आणि खाली बघितलं. काउंटरची पुढची फळी खिळ्यांतून सुटली होती, आणि ती जागच्या जागी धरून बसली होती पाचवी जोडी. पाइपाचा तुकडा घालून कोणीतरी चांगली आवळून ठेवलेली.

"ही काय मग?"

"ती दुकानाची हाय. काढली की काउंटर पडतो."

"दोन कोनपट्ट्या द्या, आठ स्क्रू, अन् तुमचा ड्रिल."

पंधरा मिनिटं ती काउंटरखाली आडवी पडून काम करत होती. दोन गिऱ्हाइकं आली आणि काउंटरखालून बाहेर आलेले बाईचे पाय बघून गोंधळून उभी राहिली. फळी बसली, कोनपट्ट्या बसल्या. शिवकन्या बाहेर आली, साडीचा पदर झटकला आणि पाचवी जोडी बाकीच्या चारांशेजारी ठेवली. मोहनसिंगनं काउंटर हलवून पाहिला. तो हलला नाही.

"कोनपट्ट्यांचे पैसे घेत न्हाई," तो म्हणाला. "अन् मिस्त्री, पुढच्या बारीला फोन करून या. माल काढून ठेवतो."

नरसीला जायच्या काळी-पिवळी जीपमध्ये ती मांडीवर लोखंड घेऊन बसली. शेजारच्या बाईनं पिशवीला हात लावला आणि "काय गं माय, दगडं का?" असं विचारलं.

घरी रामकिशन दारातच उभा होता. त्यानं पिशवी उचलली आणि तिच्या वजनावरूनच ओळखलं.

"पेटी कुठंय?"

शिवकन्यानं तळहातावर तीन बिटं ठेवली.

"तीन?" त्याचा आवाज चढला. "म्या शब्द दिला अमृतरावाला. नक्षी देतो म्हणालो. तू लोखंड घेऊन आली? लोखंडाचं काय कमी हाय आपल्या घरी?"

"बाबा, तुमचंच नख अडलं जोडावर. नक्षीनं जोड झाकत न्हाई. पुढच्या उन्हाळ्यात लाकूड सुकलं की जोड उघडंल, अन् नक्षी मधून फाटंल. आपल्याजवळ एकाच दाराचं लाकूड हाय. मला आधी ते एकत्र धरायचंय."

"माझ्या बापानं दोरीवर दारं केली. म्या दोरीवर केली. शिकंजा न्हाई पाहिला कधी."

"तुमचा हात होता तवा दोरी चालली."

बोलून गेली आणि तिचं तिलाच चर्रर झालं. रामकिशननं उजवा हात सदऱ्याच्या खिशात घातला. मग तो टपरीवर जाऊन बसला आणि तीन दिवस शेडमध्ये आला नाही. जेवायला घरी यायचा, ताटाकडे बघून जेवायचा, परत जायचा.

शिवकन्यानं रडत बसायला वेळ काढला नाही. वैजनाथकडे गेली. वैजनाथ शेतीबरोबर पंप दुरुस्तीची कामं करतो. त्याच्या अंगणात पाण्याच्या जुन्या लोखंडी लाइनचे पाऊण इंची पाइप पडून होते. घरात प्लास्टिकची लाइन आल्यापासून त्यावर वेल चढवलेले. हळदीच्या प्रकरणानं तो आधीच शरमला होता. त्यानं वेल बाजूला केला, पाच पाइप चार-चार फुटांचे कापले, टोकांना आटे पाडून दिले, आणि सांगितलं नसताना आपली पोतीही शेडमधून उचलून नेली.

चौथ्या दिवशी तिनं पहिलं पॅनल जोडायला घेतलं. ओला गोंद हळद ओढतो, तसा लोखंडाचा काळा डागही ओढतो. ह्या वेळी ती शहाणी झाली होती. दुधाच्या रिकाम्या पिशव्या फाडून तिनं प्रत्येक पाइपावर पट्टी ठेवली. तीन क्लॅम्प खालून, दोन वरून. स्क्रू एकेक करून, थोडा थोडा फिरवत नेला. जोडाच्या रेघेतून गोंदाचे थेंब वर आले, सगळीकडे सारखे, एका ओळीत. मग ती दोन पावलं मागं सरली आणि त्या पॅनलकडे नुसती बघत राहिली.

सकाळी क्लॅम्प सोडून पॅनल भिंतीला टेकवून ठेवलं होतं. रामकिशन आला. विडीची काडी विसरलो म्हणाला. काडी शोधता शोधता तो पॅनलपाशी गेला, डोळे मिटले आणि नख फिरवलं. वरून खाली आलं. परत वर नेलं. नखाला जोड सापडला नाही. त्यानं डोळे उघडून जोड शोधला, मग म्हाताऱ्या माणसासारखं नाक चोळत बाहेर गेला. काडी घ्यायची तो विसरला.

सहा दिवसांत चौकटीचे उभे-आडवे तुकडे झाले, पॅनलच्या कडांना उतार आला, कडा गोल झाल्या. शेवटी राहिला मधला आडवा पट्टा, नऊ इंच रुंद. दाराच्या मधोमध तो येणार होता, आणि ह्याच्यासाठी लाकडाचा दुसरा तुकडा नव्हता. शिवकन्यानं तो कामाच्या उंच बाकाला दोन क्लॅम्पनी पक्का केला, चर पाडला, आणि दुपारचं जेवायला घरी गेली.

परत येताना शेडमधून आवाज आला. लाकडावर पटाशी सरकल्याचा आवाज. तो तिनं लहानपणी हजार वेळा ऐकला होता, आणि दोन वर्षांत एकदाही नाही.

ती दारातच थांबली.

रामकिशन बाकापाशी उभा होता. जन्मभर त्यानं बसून काम केलं. लाकूड पायाच्या अंगठ्यात धरायचं, डाव्या हातानं दाबायचं, उजव्या हातानं पटाशी चालवायची. उजवा हात कापायला लागल्यावर तो काय करणार होता? डावा हात लाकूड धरण्यात गुंतलेला. आता लाकूड शिकंजांनी धरलं होतं. पट्टा तसूभर हलत नव्हता. रामकिशननं पटाशी उजव्या हातात घेतली होती, कापणाऱ्या मनगटावर डावा हात घट्ट ठेवला होता, आणि कोपर क्लॅम्पच्या पाइपावर टेकवलं होतं. चाळीस वर्षांत पहिल्यांदा त्याचा दुसरा हात मोकळा होता.

हात कापत होता, पण आधीपेक्षा कमी. आणि पटाशी जात होती.

एकच पट्टा. पटाशी एकदा जरी घसरली, तर लाकूड गेलं, दार गेलं, मशीन गेलं, शेड गेली. एक हाक मारली की तो थांबला असता. पुन्हा आढ्याला पटाशी खोचून टपरीवर जाऊन बसला असता, आणि ह्या खेपेला परत आला नसता. मागं ती बापापुढं गप्प बसली होती ती भीतीनं. आता ती गप्प राहिली ते ठरवून.

बऱ्याच वेळानं ती आत गेली. पट्ट्यावर कमळाच्या चार पाकळ्या उतरल्या होत्या.

"डाव्या अंगाला जरा हादरा बसतोय," ती म्हणाली. "तिसरा लावू का?"

रामकिशननं वर पाहिलं नाही.

"लाव."

तिनं तिसरा शिकंजा लावला आणि आवळला. मग गोलाईचं बिट घेऊन चौकटीच्या कडा करायला बसली. पटाशी चालायची तेव्हा ती मशीन बंद ठेवायची. संध्याकाळपर्यंत दोघं तसेच काम करत राहिले, आणि घरात दहा दिवस साचलेलं सगळं त्या एका दुपारीच निवळलं.

अक्षयतृतीयेच्या आदल्या दिवशी वैजनाथच्या ट्रॅक्टरमधून दार साखऱ्याला गेलं. बिजागऱ्या बसल्या, दार चौकटीत उभं राहिलं. शिवकन्यानं ते एका बोटानं ढकललं. ते आवाज न करता मिटलं आणि मिटलेलंच राहिलं. अमृतराव आणि त्याची बायको जनकाबाई समोर उभे होते.

अमृतराव पुढं आला. रामकिशनचं बघून जोड नखानं बघायचा, हे त्यालाही माहीत झालं होतं. त्यानं पॅनलवरून नख फिरवलं. एकदा, दोनदा. मग बोटं मधल्या पट्ट्यावर गेली आणि कमळावर थांबली.

"जोड सापडत न्हाई," तो म्हणाला. "पण ही एक पाकळी वाकडी हाय. मशीन घसरली का?"

शिवकन्या उत्तर द्यायला पुढं झाली, तोच रामकिशन बोलला.

"मशीन न्हाई. ती माझ्या हातची हाय. घासून सरळ करू म्हणली पोरगी, म्याच राहू दे म्हणालो."

अमृतरावानं रामकिशनच्या हाताकडं पाहिलं, मग पाकळीकडं.

"ह्याच झाडाखाली माझा बाप दुपारी आडवा व्हायचा," तो म्हणाला. "राहू दे पाकळी. आतल्या चारी खोल्यांची दारंबी तुमीच करा. लाकूड मी बघतो."

दार बसवल्यावर सुताराला टॉवेल-टोपीचा मान द्यायची रीत. जनकाबाईनं ताट आणलं. ताटात टॉवेल, टोपी, नारळ आणि बाजूला शिवकन्यासाठी ब्लाउजपीस.

"ये माय, तुझी ओटी भरते."

"ओटी उद्या घेते, काकू, वास्तुशांतीला पाहुणी म्हणून येईन तवा," शिवकन्या म्हणाली. "आज मी कामावर आले."

जनकाबाई घुटमळली. ताटात मान एकाच सुताराचा होता. तिनं नवऱ्याकडं पाहिलं, नवऱ्यानं रामकिशनकडं. रामकिशननं ताटातली टोपी उचलली आणि आपल्या डोक्यावर ठेवली. टॉवेल उचलला, त्याची घडी मोडली आणि लेकीच्या खांद्यावर टाकला.

"कमळ माझं हाय, टोपी माझी," तो म्हणाला. "दार तिचं हाय."

शिवकन्याचे डोळे भरून आले. तिनं त्याच नव्या टॉवेलनं तोंड पुसलं, कपाळावरचा भुसाही पुसला, आणि हत्यारं पिशवीत भरायला लागली.

परतताना ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत दोघं समोरासमोर बसले होते. मध्ये पाच पाइप एकमेकांवर आपटत होते. साखऱ्याची शीव ओलांडल्यावर रामकिशन म्हणाला,

"चार दारं हायेत. पाचानं भागणार न्हाई. हिंगोलीला जाशील तवा आणखी दोन आण."

"बिटांची पेटी?"

रामकिशननं टोपी सारखी केली.

"शिकंजे," तो म्हणाला.